दोन तास उघड्यावर

शाळा सुटल्यावर आमची ठमी दुसऱ्याच कुणाच्या तरी आजोबांबरोबर घरी निघाली, आणि तिला नंबर लागल्याचं आम्हाला कळलं.

शाळेच्या फाटकापाशी आम्ही सात-आठ आजोबा रोज उभे असतो. सगळा माल एकाच गोदामातला: पांढरे केस, जाड काचांचा चष्मा आणि डिसेंबरात ठाण्यात जी काही थंडी पडते तिचा मान राखायला बिनबाह्यांचा स्वेटर. ठमी बाहेर आली, पंधरा पावलांवर थांबली, डोळे बारीक केले आणि माझ्या शेजारच्या गृहस्थांचा हात धरून चालू लागली. त्या गृहस्थांना मोतीबिंदू. त्यांनीही फार खोलात न जाता तिचं दप्तर खांद्याला लावलं. मी तेव्हा 'मुलांना मोबाइलपासून दूर कसं ठेवावं' हा कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ मोबाइलवर पाहत होतो. रिक्षा स्टँडपर्यंत गेल्यावर ठमीने विचारलं, "आजोबा, आज तुम्हाला अत्तराचा वास का येतोय?" तेव्हा कुठे दोन्ही पक्षांना शंका आली.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तक्त्यावरच्या पहिल्या तीन ओळी ठमीने खणखणीत वाचल्या. चौथीपासून अंदाजपंचे दाहोदरसे. "ठ... नाही, ढ... द? हे अक्षर तुमच्याकडे पुसट आलंय." उजवा उणे सव्वादोन, डावा उणे दोन. वय वर्षं आठ.

मुलाला चष्मा लागला की घरात आधी चौकशी सुरू होते ती खानदानाची. मी उणे सात, मुलगा उणे चार, त्यामुळे साक्षीपुरावे गोळा करण्याची गरजच पडली नाही. सूनबाई काही बोलली नाही. पण तिच्या माहेरी सात पिढ्यांत कुणाला चष्मा नाही, ही माहिती विहीणबाईंनी मला त्या आठवड्यात फोनवर चार वेळा पुरवली. आमच्या हिनेही मान डोलावली. माझ्या लघुदृष्टीबद्दल आमच्या घरात पूर्वीही बोललं जायचं, पण ते १९८६ साली नौपाड्यात स्वस्तात मिळणारी जागा मी घेतली नाही त्या संदर्भात.

मग उपाय आले. आपल्याकडे नंबर लागलेल्या मुलाकडे लोक रिकाम्या हाताने येत नाहीत. बदाम-बडीशेप-खडीसाखरेची पूड आली, तळपायाला चोळायला गायीचं तूप आलं, पहाटे दव पडलेल्या गवतावर अनवाणी चालण्याचा सल्ला आला. विहीणबाईंनी गाजरं पाठवली. गाजराची ही ख्याती खरं तर दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी फुगवली. त्यांचे वैमानिक रात्रीच्या अंधारात जर्मन विमानं पाडू लागले होते. विमानात बसवलेलं रडार गुप्त ठेवायचं, म्हणून आमची पोरं गाजरं खातात अशी हूल त्यांनी उठवली. गाजरातल्या 'अ' जीवनसत्त्वाच्या मूळ द्रव्याने रातांधळेपणा टळतो हे खरं, पण बसचा नंबर वाचता येत नाही त्यावर त्याचा उपयोग नाही. मी हे सगळं विहीणबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी गाजराचा हलवा पाठवला. ठमीचा नंबर हलला नाही, माझी साखर हलली.

वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "चष्मा पूर्ण नंबरचा देऊ नका. थोडा कमी द्या, म्हणजे डोळा आळशी होत नाही." हे मला बँकेतल्या चाळीस वर्षांमुळे पटण्यासारखं होतं. माणूस कमी दिला की काम जास्त होतं, असा वरच्यांचा समज तिथेही होता. पण मलेशियातल्या मुलांवर हे कुणीतरी खरोखर करून पाहिलेलं आहे. २००२ साली निकाल आला: कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर उलट जरा जास्तच भराभर वाढला. बँकेतही तेच झालं होतं.

डॉक्टरबाई माझ्या सुनेपेक्षा लहान. त्यांनी प्लॅस्टिकचा डोळा उघडून समजावलं. मूल वाढतं तसा डोळाही वाढतो. जन्मतो तेव्हा पुढून मागे सोळा-सतरा मिलिमीटर, मोठेपणी चोवीसच्या आसपास. कुठे थांबायचं ते डोळ्याचं त्यालाच कळतं, आणि आमच्या ठमीच्या डोळ्यांना ते कळत नव्हतं. डोळा लांबला की चित्र पडद्याच्या अलीकडेच उमटतं. एक मिलिमीटर जादा म्हणजे नंबर अडीच ते तीनने वर. एक मिलिमीटर! राजगिऱ्याचा दाणा. आमच्या घरात चाललेलं महाभारत राजगिऱ्याच्या एका दाण्यावरून होतं.

"मग हा नंबर उतरणार कधी?" हिने विचारलं.

"आजी, वाढलेली उंची कधी कमी होते का?"

"म्हातारपणी होते," मी म्हणालो. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं. डोळा आखडत नाही, पण लांबायचा वेग कमी करता येतो, असं त्यांनी सांगितलं. का करायचा तेही सांगितलं. नंबर उणे सहाच्या पुढे गेला की आतला पडदा ताणून पातळ होतो, फाटू शकतो, सरकू शकतो. काचबिंदूचा धोका वाढतो, मोतीबिंदू लवकर येतो. हे सगळं त्या ठमीबद्दल सांगत होत्या, पण बघत माझ्याकडे होत्या.

औषधं तीन. पहिलं, रोज रात्री दोन्ही डोळ्यांत ॲट्रोपिनचा एकेक थेंब. मी घरी येऊन माहिती काढली आणि ती जेवताना मोठ्यांदा वाचून दाखवली, ही माझी चूक झाली. ॲट्रोपिन हे बेलाडोना नावाच्या विषारी झुडपातून निघतं आणि ते आपल्या धोतऱ्यातही असतं.

"महादेवाला वाहतात तो धोतरा?" हिचा घास हातातच राहिला.

"तोच."

"पोरीच्या डोळ्यात धोतरा घालणार?"

मग दहा हजार भाग पाण्यात एक भाग औषध हे प्रमाण मी ताटातल्या आमटीवर समजावलं. सिंगापूरच्या डॉक्टरांनी आधी यापेक्षा शंभरपट कडक, म्हणजे एक टक्क्याचे थेंब मुलांना घातले होते. नंबर थांबला, पण मुलांना उजेड सोसेना, जवळचं वाचता येईना, आणि थेंब बंद केल्यावर नंबराने राहिलेली बरीच वसुली केली. पुढच्या चाचणीत त्यांनी ०.०१ टक्क्याचा एक गट ठेवला तो याचा काही गुण येणार नाही असं धरूनच. थेंब बंद करून पाहिल्यावर शेवटी तोच गट पुढे निघाला. ढ म्हणून मागे बसवलेला पोरगा बोर्डात यावा, तसं झालं. हे २०१४ सालचं. पुढे हाँगकाँगवाले म्हणाले की ०.०१ पेक्षा ०.०५ चांगलं, आणि अमेरिकेतल्या एका चाचणीत ०.०१ चा काहीच उपयोग दिसला नाही. डॉक्टरांचंही आपल्यासारखंच आहे, आमटीत मीठ किती यावर एकमत होत नाही.

थेंब घालणं हा रात्री साडेनऊचा कार्यक्रम. ठमी दिवाणावर उताणी, हिने डोकं धरलेलं, सूनबाईच्या हातात बाटली, मुलाच्या हातात टॉर्च, आणि मी पायथ्याशी नैतिक पाठिंब्याला. पहिला थेंब कानात गेला. दुसरा भुवईवर. तिसऱ्याच्या वेळी ठमीने "एक, दोन, अडीच" मोजून डोळा मिटला आणि थेंब पापणीवर पोपटासारखा बसून राहिला. आता ती स्वतः आरशासमोर उभी राहून घालते. कुणालाही बोलवत नाही. आम्हालाच साडेनऊला चुकल्यासारखं होतं.

दुसरं औषध म्हणजे काचा. मधोमध साधा नंबर आणि भोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी शेकडो बारीक भिंगं. हाँगकाँगमध्ये दोन वर्षं अशा काचा लावलेल्या मुलांचा नंबर साध्या चष्म्याच्या निम्म्याच वेगाने वाढला. किंमत ऐकून मी चष्मा काढून पुसला. ठमी तिसऱ्याच दिवशी त्यावर बसली. काचा शाबूत राहिल्या, फ्रेम गेली. यावर जास्त लिहीत नाही.

तिसरं औषध डॉक्टरबाईंनी कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं: 'रोज २ तास उघड्यावर.' ही दचकलीच. 'उघड्यावर' हा शब्द अलीकडे सरकारी भिंतींवर इतक्या वेगळ्या कामासाठी लिहिलेला असतो, की तिचाही इलाज नव्हता.

अर्थ असा, की मुलाने रोज दोन तास आभाळाखाली असावं. नुसतं असावं. पळावं, बसावं, भांडावं, काहीही. बाहेरच्या लख्ख उजेडाने पडद्यात डोपामिन नावाचं द्रव्य पाझरतं आणि ते डोळ्याला सांगतं की बाबा रे, पुरे आता लांबणं. घरात दिवे लावून हे होत नाही. सिडनी आणि सिंगापूरमधल्या सहा-सात वर्षांच्या चिनी वंशाच्या मुलांची तुलना २००८ साली छापून आली होती. सिंगापुरात शंभरात एकोणतीस मुलांना नंबर, सिडनीत तीन. वंश तोच. सिडनीची पोरं पुस्तकं तर उलट जास्त वाचत होती. फरक एवढाच, की ती आठवड्याला जवळजवळ चौदा तास घराबाहेर असायची आणि सिंगापूरची तीन तास. हे वाचलं त्या रात्री मला बरं वाटलं. लहानपणी 'वाचून वाचून डोळे घालवलेस' म्हणून आईने जो काही मार दिला, तो चुकीच्या कलमाखाली होता. खरा गुन्हा माझा माळ्यावर बसून वाचण्याचा होता.

तैवानने २०१० पासून शाळेतल्या मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायचं ठरवलं. कित्येक वर्षं चढत आलेला नंबरवाल्या मुलांचा आकडा २०१२ पासून उतरू लागला. चीनमध्ये तर वुहानच्या एका शाळेत मुलांनी वहीत नाक खुपसू नये म्हणून बाकांना आडव्या दांड्या ठोकल्या होत्या. मला तैवान बरं वाटतं.

पण डॉक्टरबाईंनी एक गोष्ट सांगितली आणि तीच सगळ्यात महत्त्वाची होती. हे तिसरं औषध नंबर लागल्यावर थोडंसंच लागू पडतं. त्याचा खरा गुण येतो तो लागायच्या आधी. एवढं बोलून त्यांनी ठमीच्या धाकट्या भावाकडे पाहिलं. तो पाच वर्षांचा, नंबर शून्य, त्या क्षणी आईच्या मोबाइलवर एका अस्वलाला केळी खिलवत होता.

तेव्हा दोघांनाही औषध सुरू करायचं ठरलं, आणि निवृत्त माणूस म्हणून पाजण्याचं काम माझ्याकडे आलं. मी वही आखली. डावीकडे जमा, उजवीकडे येणे बाकी, रोज १२० मिनिटं. मोबाइलवर उजेड मोजायचं ॲपही घेतलं. हे ॲप कुणाही निवृत्त माणसाच्या हातात देऊ नये. आमच्या हॉलमध्ये सगळे दिवे लावून १८० लक्स भरले. खिडकीशी नऊशे. खाली गुलमोहराच्या सावलीत, ढग असताना, सहा हजार. उन्हात आकडा इतका वर गेला की मी घाबरून बंद केलं. म्हणजे रणरणत्या उन्हात मूल भाजायची गरजच नाही, झाडाखाली टोपी घालून बसवलं तरी घरापेक्षा कितीतरी पट. मग मला नादच लागला. एका लग्नात मी नवरदेवाच्या तोंडासमोर मोबाइल धरून "अरेरे, दोनशेदहा" म्हणालो, आणि मुलीकडच्यांनी त्याचा काही वेगळाच अर्थ घेतला.

आता औषध कुठे मिळतं ते शोधायचं. ठमीचं वेळापत्रक पाहिलं. सोमवार-बुधवार अबॅकस. मंगळवारी चित्रकला. गुरुवारी कराटे, क्लबहाउसच्या हॉलमध्ये. शनिवारी स्केटिंग, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये, चाळीस लक्स. पोहणं छपराखाली. शाळेत पी.टी.चा तास असतो, तो गणिताच्या बाई घेतात, गणितासाठी. एवढं खेळणारं मूल आठवड्यात एकदाही आभाळाखाली येत नव्हतं. माझ्या लहानपणी घरात तेरा माणसं आणि दोन खोल्या होत्या. मुलं बाहेर असत, कारण आत जागाच नसे.

आमच्या सोसायटीत पोडियमवर हिरवळ आहे. प्लॅस्टिकची. तीवर पाटी: 'हिरवळीवर चालू नये.' तिच्या पलीकडे 'चेंडू खेळण्यास मनाई', पलीकडे 'सायकल चालवू नये', आणि बाकड्यापाशी 'दुपारी १ ते ४ शांतता राखावी, सायंकाळी ७ नंतर गोंगाट करू नये'. मधल्या तीन तासांत माळी प्लॅस्टिकची हिरवळ पाइपने धुतो. मी कमिटीला अर्ज केला: मुलांना रोज दोन तास खेळू द्यावं, कारण वैद्यकीय. सेक्रेटरी म्हणाले, डॉक्टरांचं पत्र आणा. आणलं. तीन आठवड्यांनी ठराव झाला, त्याची प्रत मी जपून ठेवली आहे. 'सदर मुलीस चष्मा असल्याने तिला चेंडूविना खेळण्याची परवानगी देण्यात येत आहे. इतर मुलांच्या पालकांनी नंबर लागल्यानंतर स्वतंत्र अर्ज करावा.'

"अहो, हे औषध नंबर लागायच्या आधीच लागू पडतं," मी म्हणालो.

"रोग नसताना औषध?" सेक्रेटरींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ऑडिटला काय उत्तर द्यायचं?"

तेव्हा आम्ही तलावपाळीला जायला लागलो. रोज पाच ते सात, रविवारी सकाळी येऊर. पहिल्या दिवशी ठमी मासुंदा तलावाच्या काठावर बाकड्यावर बसली, पिशवीतून पुस्तक काढलं आणि दोन तासांनी मिटलं. माझंच रक्त. मी डॉक्टरबाईंना फोन केला, हे जमेत धरायचं का? त्या म्हणाल्या, उजेड मिळतोय, धरा. पण अधूनमधून डोकं वर काढायला सांगा. मी सत्तर मिनिटं मांडली आणि पन्नास व्याजात कापली.

दुसऱ्या दिवशी मी लगोरी खेळायची ठरवली. ठाण्यात सात चपट्या दगडांचा शोध हा एका वेगळ्या लेखाचा विषय आहे. शेवटी शेजारी एक इमारत पाडताहेत, तिच्या रखवालदाराने सात फरशीचे तुकडे दिले. मुलांना खेळ समजावला: चेंडूने लगोरी फोडायची आणि चेंडू अंगाला लागायच्या आत पुन्हा रचायची. "लेव्हल किती आहेत?" धाकट्याने विचारलं. सात, म्हणालो. मग त्याला पटलं. आठवड्याभरात तिथे फुगेवाल्याची दोन मुलं, एक अनोळखी मुलगी आणि अत्तरवाले आजोबा असा संघ जमला. अत्तरवाल्यांना चेंडू दिसत नाही, पण पाठीत बसला की बरोबर कळतो.

जूनमध्ये पाऊस आला आणि माझी वही तोट्यात गेली. काळ्या छत्रीखाली किती लक्स येतात ते मी मोजलं. फार वाईट. पारदर्शक रेनकोट आणले. दोन मुलं पावसात उभी आणि एक म्हातारा त्यांच्यासमोर मोबाइल धरून "अजून वीस मिनिटं" म्हणतोय, हे पाहून एका बाईंनी पोलिसांना बोलवू का असं ठमीला विचारलं.

सहा महिन्यांनी तपासणी झाली. ठमीचा नंबर जागच्या जागी होता आणि डोळ्याची लांबी नावापुरतीच वाढली होती. थेंबांनी, काचांनी की लगोरीने, ते सांगता येत नाही, असं डॉक्टरबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. विहीणबाईंनी हलव्याचा दावा लावला आहे. धाकट्याचा नंबर अजून शून्य. मग त्यांनी सहज मलाही खुर्चीवर बसवलं. चौथ्या ओळीपासून मी अंदाजपंचे सुरुवात केली. "हे अक्षर तुमच्याकडे पुसट आलंय," मी म्हणालो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकायला आलेला.

दिवाळीनंतर ऑपरेशनं झाली. आतलं भिंग काढून दुसरं घालतात आणि ते घालताना जुना नंबरही त्यातच भागवून टाकतात. बावन्न वर्षांनी मी बिनचष्म्याचा झालो. राजगिऱ्याचे अडीच दाणे डोळ्यात तसेच आहेत म्हणे, पण मला पलीकडच्या इमारतीतल्या वाळत घातलेल्या टॉवेलावरचं नाव वाचता येऊ लागलं.

पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत शाळेच्या फाटकावर गेलो. सातजणांत मी एकटाच उघड्या डोळ्यांनी. ठमी बाहेर आली, पंधरा पावलांवर थांबली. पोळ्याच्या काचांतून तिने आम्हा सगळ्यांकडे नीट, डोळे बारीक न करता, एकेक करून पाहिलं. माझ्यावरून तिची नजर सरकली आणि ती थेट अत्तरवाल्यांकडे जाऊन त्यांचा हात धरून उभी राहिली.

"राहू दे," ते मला म्हणाले. दप्तर त्यांनी खांद्याला लावलंच होतं. "रिक्षा स्टँडपर्यंत येतो की मी."